यादीतलं शेवटचं नाव

सुपरमार्केटच्या बाहेर, सायकली लावतात तिथे, परवा पुन्हा तो भलामोठा फलक उभा राहिला. नगरपालिकेची निवडणूक आली की तो उगवतो आणि ती झाली की गुपचूप निघून जातो. सगळ्या पक्षांची पोस्टरं त्यावर शेजारीशेजारी, एकाच मापाची, कुणी कुणाच्या अंगावर चढलेलं नाही. भोंगा नाही, जीप नाही, चौकाचौकात हात जोडून उभे असलेले दादा-भाऊ नाहीत. आमच्या पुण्यात एखाद्या नगरसेवकाच्या पुतण्याच्या वाढदिवसाला याहून जास्त फ्लेक्स लागतात! मी सामानाची पिशवी हँडलला अडकवून तिथेच उभी राहिले. मार्चचा तो मेला बोचरा वारा तोंडावर पाणी मारत होता आणि मी एकटीच हसत होते. लोकांचा इथला वसंत ट्युलिपने येतो. माझा या फलकाने येतो, आणि त्याच्याबरोबर शमीम आपा येतात.

शमीम आपांची आणि माझी गाठ नेदरलँड्समधल्या आमच्या या न्यूनेन गावच्या वाचनालयात पडली. तिथे बुधवारी सकाळी डच बोलण्याचा सराव चालतो. शिकवणाऱ्या बाईंनी आम्हा दोघींना समोरासमोर बसवलं आणि एकमेकींना प्रश्न विचारायला सांगितलं. मी अडखळत विचारलं, तुम्ही कुठून आलात? पलीकडून तितकंच अडखळत उत्तर आलं, पाकिस्तान. मग त्यांनी विचारलं, आणि तुम्ही? मी म्हटलं, भारत. आणि मग त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तो फिर ये मुसीबत किस लिए?" आम्ही हिंदी-उर्दूत जे सुटलो ते बाईंनी टेबलावर पेन आपटेपर्यंत. त्या दिवसापासून बुधवारच्या सरावानंतरचा चहा आमच्या घरी. वेलदोडा त्यांचा, आलं माझं, आणि कशात काय घालायचं यावरून भांडण दोघींचं.

त्या मूळच्या सिंधमधल्या एका तालुक्याच्या गावच्या. आधी शाळेत बाई, मग गावच्या कौन्सिलात, मग थेट प्रांताच्या विधानसभेत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या लेकीच्या चित्रकलेच्या डब्याला टेकून आमदार बसली आहे, हे काही रोज घडत नाही. पण मी "अय्या" म्हणायच्या आत त्यांनीच हात उडवला. "हमें किसी ने चुना थोड़े ही था, बेटा." त्यांची जागा बायकांसाठी राखलेली होती. तिथे राखीव जागेवर मतदान होत नाही, पक्षाला जितक्या जागा मिळाल्या त्या हिशेबात पक्ष आपल्या यादीतल्या बायका पाठवतो. आपांनी तिथे काम मात्र हाडं मोडून केलं. मुलींच्या शाळेत बाई नेमा, शाळेला भिंत घाला, दवाखान्यात बायकांसाठी वेगळी खोली द्या. पण बोलायला उभ्या राहिल्या की समोरच्या बाकावरून कुणीतरी हसत हसत विचारायचं, "बीबी, आपको भेजा किसने है?" सगळं सभागृह खो खो हसायचं. तुम्हाला पाठवलं कुणी? आपा सांगायच्या, शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं, शिवीला उत्तर असतं. या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

म्हणून एकदा त्यांनी ती राखीव खुर्ची सोडली आणि सरळ निवडणुकीला उभ्या राहिल्या. पक्षाने तिकीट दिलं नाही, तर अपक्ष. दणकून पडल्या. पुढे धमक्या सुरू झाल्या, नवरा हाय खाऊन गेला आणि आइंडहोवनमध्ये इंजिनिअर असलेल्या मुलाने त्यांना इकडे आणलं. इथे येऊन नातवंडं सांभाळावीत, गुडघ्यांना तेल लावावं, एवढंच त्यांच्याकडून अपेक्षित होतं. पण अशा बाया ऐकतात होय?

चार वर्षांपूर्वी, मागच्या निवडणुकीच्या आधी, अशाच एका ओल्या सकाळी, त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. रेनकोटमधून पाणी गळत होतं. "मैं खड़ी हो रही हूँ." मला वाटलं, ट्रेनमध्ये जागा मिळाली नाही का काय! मग कळलं. गावातल्या एका छोट्या पक्षाने त्यांना यादीत घेतलं होतं. अगदी शेवटी. शेवटचं नाव म्हणजे शोभेचं, ते निवडून येणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण इथली एक रीत आपांनी बरोबर हेरली होती. इथे मत नुसत्या पक्षाला देत नाहीत, पक्षाच्या यादीतल्या एका नावासमोरचं पांढरं वर्तुळ लाल पेन्सिलीने रंगवतात. बहुतेक लोक पहिल्या नावासमोर रंगवून मोकळे होतात. पण खालच्या नावासमोर पुरेशी वर्तुळं लाल झाली, तर ते नाव वरच्यांना ओलांडून निवडून येतं. आपांचे डोळे चमकत होते. "बेटा, इथे कुणी ना कुणी माझंच नाव शोधून, त्याच्यासमोर पेन्सिल टेकवणार. पार्टी का नहीं. मेरा." पासष्टी ओलांडलेल्या बाईचा चेहरा दहावीला बसलेल्या मुलीसारखा झाला होता.

मग त्यांनी विचारलं, "तुम्हारा वोटिंग कार्ड आया?" मी म्हटलं, कसलं कार्ड, आम्ही परदेशी माणसं, ते डच लोकांचं. आपांनी मला दारातच नियम ऐकवला. पाच वर्षं इथे कायदेशीर राहिलं की नगरपालिकेला मत देता येतं, पासपोर्ट कुठलाही असो. आमची पाच वर्षं केव्हाच उलटून गेली होती. कार्ड आलंही होतं. पिझ्झाच्या जाहिराती आणि सोफ्यांच्या सेलबरोबर मी ते कागदाच्या निळ्या डब्यात टाकलं होतं! पावसात, अंगणात, एक माजी आमदार आणि एक सॉफ्टवेअरवाली त्या डब्यात कमरेपर्यंत वाकलेल्या. वरून सईची, म्हणजे माझ्या लेकीची, डचमध्ये हाक, "आई, काय करताय तुम्ही?" सापडलं. अंड्याच्या खोक्याला चिकटलेलं. नवऱ्याचं, नीलेशचंही, सापडलं. आणि आपा चिखलाच्या हातांनी कपाळ बडवत म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही सगळ्यांनीच फेकलंय!"

तेच तर झालं होतं. इथल्या मराठी घरांमध्ये कर्जाचा हप्ता, सायकलचा विमा, कचऱ्याचे वार सगळं तोंडपाठ, पण मत हे आपलं नव्हेच, असं धरूनच आम्ही बसलो होतो. पाडव्याच्या कार्यक्रमाची तयारी करायला आम्ही काही गाववाले जमलो तेव्हा मी विषय काढला. कार्ड फेकलं असेल तर नगरपालिकेत जाऊन दुसरं मिळतं, मी कालच विचारून आले आहे. आधी सगळ्यांनी कौतुकाने ऐकलं. मग कुणीतरी विचारलं, उभं कोण आहे? मी सांगितलं. खोलीत एकदम गारठा. लेझीम हातात घेतलेले एक गृहस्थ म्हणाले, "मेधा, अगं, पाकिस्तानी?" दुसरे म्हणाले, "उद्या व्हिसाबिसाचं काही झालं तर?" मी मुळातच तापट. म्हटलं, "अहो, त्या बस मागतायत, बस! काश्मीर नाही मागत!" हसले काही जण. काही हसले नाहीत. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला, तोवर ही बातमी तिकडेही पोचली होती. सीमेवर नातेवाईक गमावलेली माणसंही माझ्या ओळखीची आहेत, त्यांच्या रागाला मी हसत नाही. पण ज्या बाईने माझ्या तापात तीन दिवस खिमटीसारखी पातळ खिचडी करून आणली, तिला मी देशाच्या नकाशातून कशी बघू? मला जमेना, आणि जमवायचंही नव्हतं.

बस मात्र खरीच होती. आमच्या गावाच्या हद्दीत, शेतांच्या पलीकडे, एक वाडी आहे. तिथे जाणारी बस बंद झाली होती. तिथल्या म्हाताऱ्यांना डॉक्टरकडे यायचं तर मुलाला रजा घ्यायला लावा, नाहीतर वाऱ्यात सायकल मारा. आपांनी ठरवलं, प्रचाराला आधी तिथेच जायचं. पक्षातल्या लोकांनी समजावलं, तिथे फार घरं नाहीत, आणि ते लोक कुणाचं ऐकत नाहीत. आपा म्हणाल्या, मग आपण त्यांचं ऐकू.

मार्चमधली ती शेतं मला अजून दिसतात. मातीचे लांबच लांब वरंबे, त्यावर काळं प्लास्टिक घट्ट ताणलेलं, आणि ढगातून जरा ऊन पडलं की सगळं रान चकाकायचं. आत पांढरी अ‍ॅस्परागस वाढत असते, आपल्या शतावरीची ही इकडची गोरी चुलतबहीण. ऊन लागू न देता वाढवतात. आम्ही दोघी सायकलवर, वारा समोरून, माझ्या पिशवीत चहाचा थर्मास. आपा सायकल शिकल्या त्याच मुळी इथे येऊन, त्यामुळे वळण आलं की उतरायच्या आणि वळण संपलं की पुन्हा चढायच्या.

बहुतेक दारांवर स्टिकर, जाहिराती टाकू नयेत. मला वाटलं, संपलंच. आपण कसे, दार दिसलं की आत, आत गेलं की पाणी, पाण्यामागे चहा. इथे न सांगता बहीणसुद्धा येत नाही. पण आपांनी पत्रकं पिशवीत कोंबली, केस सारखे केले आणि रिकाम्या हातांनी बेल वाजवली. "कागज़ मना है. मैं तो मना नहीं हूँ ना?" दार उघडलं की आधी विचारायच्या, मी तुम्हाला त्रास देतेय का? हो म्हटलं तर आभार मानून मागे. बरीच दारं हो म्हणाली.

एक दार मात्र अर्धवट उघडं राहिलं. आत एक उंच, लाल नाकाचे, वैतागलेले आजोबा, पायात लाकडी बूट. मागे त्यांच्याच शेताचे काळे वरंबे. मी मतदान करत नाही, ते म्हणाले. आपा म्हणाल्या, बरं, पण ही माती इतकी वाळूची, पाणी धरते कशी? आजोबांच्या भुवया वर गेल्या. मग त्या दोघांचं मातीवर जे सुरू झालं! यांचं डच मोडकं, त्यांचं डच इथल्या ब्राबांट प्रांतातल्या खेड्यातलं, मला निम्मंही कळेना. आपांच्या माहेरचा ऊस, त्यांची अ‍ॅस्परागस, कालवा, पंप. शेवटी आजोबांनी विचारलं, यादीत तुम्ही कितव्या? आपा म्हणाल्या, शेवटची. का? नवीन आहे म्हणून. आजोबांनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "या वयात नवीन?" ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

मला राग आला. थंडीने बोटं बधिर झालेली, आणि वर हा खवचटपणा. रस्त्याकडेच्या बाकावर बसून मी चहा ओतला आणि म्हटलं, "आपा, पुरे झालं." तेव्हा त्यांनी मला त्या दुसऱ्या गावाची गोष्ट सांगितली. त्या अपक्ष उभ्या होत्या तेव्हाची. त्यांच्या मतदारसंघातल्या एका गावात पुरुषांनी, सगळ्या पक्षांच्या पुरुषांनी मिळून, ठरवलं होतं की बायका मत द्यायला येणार नाहीत. तिथे बायकांची खोली वेगळी, पेटी वेगळी. आपा सकाळपासून त्या खोलीसमोर खाटेवर बसून राहिल्या. आपल्याला बघून तरी एखादी येईल. दुपार झाली, सावली सरकली, गावातल्या गच्च्यांवरून ओढण्या डोकावून गेल्या. कुणी आलं नाही. संध्याकाळी पेटी उघडली, नियम म्हणून. "ख़ाली डिब्बा था, बेटा. शून्य. ते शून्य मी इथपर्यंत घेऊन आलेय." मग त्यांनी कपातला उरलेला चहा एका घोटात संपवला आणि उठल्या. पुढच्या दाराची बेल त्यांनीच वाजवली.

मतदानाच्या दिवशी नीलेश तैवानला होता. जाण्याआधी त्याने आपलं कार्ड जेवणाच्या टेबलावर ठेवलं. इथे कार्डामागे सही करून आपलं मत दुसऱ्याच्या हाती सोपवता येतं. तो आठवडाभर याच विषयावर गप्प होता. आईचं मन मोडवत नव्हतं, आणि माझ्याशी भांडवत नव्हतं. सही करून म्हणाला, "कुणाला द्यायचं ते तू ठरव. मला सांगू नकोस." मी म्हटलं, "कळतं का तुला, म्हणजे काय ते?" म्हणाला, "कळतं गं. सगळं बोलूनच दाखवायचं का?" या माणसावर माझं प्रेम आहे ते अशा वेळी मला लख्ख कळतं.

सईच्या शाळेच्या जिमखान्यात मतदान होतं. रबरी बुटांचा आणि ओल्या कोटांचा वास. मतपत्रिका पंगतीला अंथरायच्या चटईएवढी, उलगडता उलगडत नाही. पेन्सिल दोरीने बांधलेली, लाल, ताशीव. मी बोटाने एकेक नाव उतरत गेले, खाली, आणखी खाली, आणि तळाशी त्या होत्या. त्यांचं वर्तुळ मी काठोकाठ रंगवलं. परक्या देशात, परक्या भाषेत, मी कुणाचं तरी नाव घेत होते. मग दुसरी पत्रिका उघडली आणि नीलेशचंही वर्तुळ रंगवलं.

आपा पडल्या. वरच्यांना ओलांडण्याइतकी मतं झाली नाहीत, बरीच कमी पडली. पक्षाच्या लोकांनी पाठीवर हात ठेवले, कुणी फुलं दिली. मला रडू फुटलं आणि ते लपवावंसंही वाटलं नाही. आपा मात्र चष्मा पुसून दुसरंच काहीतरी शोधत होत्या. इथे कुठल्या केंद्रावर कुठल्या नावाला किती मतं पडली ते सगळं जाहीर होतं. आमच्या जिमखान्यात बरी होती. वाचनालयात बरी होती. मग त्यांनी त्या वाडीच्या केंद्राची ओळ काढली आणि बोट तिथेच थांबलं. एक.

एकच. "कौन होगा?" आपांनी विचारलं. मी म्हटलं, चुकून पेन्सिल घसरली असेल कुणाची. त्यांनी मला असा धपाटा घातला की मी रडायची थांबले. "सबसे नीचे तक कोई फिसल के नहीं आता."

यावर्षी पक्षाला अक्कल आली. शेवटच्या नावाने एवढी मतं ओढली हे त्यांनीही पाहिलं होतं. आपांना वरची जागा देऊ केली, हमखास निवडून येणारी. मी घरी शिरा केला! आणि या बाईने नाही म्हणून सांगितलं. शेवटचीच जागा द्या म्हणाली. मी इतकी भांडले की नीलेशने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. म्हटलं, "आपा, हा शुद्ध हट्ट आहे. सत्तरी आली. गुडघे बघा. वरून निवडून या, ती बस सुरू करा, लोकांना बस हवी आहे, तुमचा अभिमान नको आहे." त्या शांतपणे शिरा खात होत्या. म्हणाल्या, "बस तर मी मागणारच, खुर्ची असो नसो. पण खुर्चीत बसले आणि कुणी विचारलं, बीबी, तुम्हाला कुणी पाठवलं, तर काय सांगू? पुन्हा पार्टीने?" मी म्हटलं, इथे असं कुणी विचारत नाही. त्या म्हणाल्या, "मैं पूछती हूँ. रोज़." मी शिरा वाढला. पण मला अजूनही वाटतं की मीच बरोबर होते, निदान निम्मी.

आणि आज सकाळी आम्ही निघालो. तीच शेतं, तेच काळं प्लास्टिक, तोच मेला वारा. आपांना आता बॅटरीची सायकल आहे, त्यामुळे मागे मी आणि पुढे त्या. वळणावर अजून उतरतात. मी विचारलं, सुरुवात कुठून? "एक से," त्या म्हणाल्या. एक कोण ते त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. पण वाडीत त्या दिवशी अर्धं का होईना, उघडं राहिलेलं दार एकच होतं.

स्टिकर तसाच होता. आपांनी पत्रकं पिशवीत ठेवली, केस सारखे केले, बेल वाजवली. बराच वेळ कुणी आलं नाही. मग दार उघडलं. आजोबा वाकले होते, हातात काठी होती, नाक तेवढंच लाल. आपांनी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "वरची जागा दिली का तुम्हाला या वेळी?"

"नाही," आपा म्हणाल्या. "तिथेच आहे. शेवटी."

आजोबांनी मोठा उसासा टाकला. "म्हणजे मला पुन्हा सगळी यादी उतरत खाली यावं लागणार," ते कुरकुरले. "चष्मा बदलायला हवा." आणि दार लावून घेतलं.

आपा पायरीवर तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं रडतील, पण नाही. फाटकावरच्या घराच्या नंबराकडे त्यांनी नीट बघून घेतलं, मग सायकलचं हँडल धरलं आणि माझ्याकडे वळल्या.

"चलो, बाकी घर पड़े हैं," त्या म्हणाल्या. "अब कोई पूछे ना किसने भेजा, तो मेरे पास पता है."